लागलेला कॉल आणि झालेले बोलणे : जालन्यातील एका टोल-फ्री बिलाचे प्रकरण

प्रकरण काय होते

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एक मध्यम आकाराची बियाणे कंपनी आहे. कपाशी, सोयाबीन, तूर आणि मका यांचे बियाणे ती मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांत, विदर्भाच्या काही भागांत आणि नांदेडच्या पलीकडे तेलंगणातल्या आदिलाबाद पट्ट्यात विकते. बियाण्याच्या प्रत्येक पाकिटावर तिने १८०० ने सुरू होणारा टोल-फ्री क्रमांक छापला, जेणेकरून उगवण, पेरणीची खोली, बीजप्रक्रिया किंवा पहिली फवारणी यांविषयी शेतकऱ्याला स्वतःचे पैसे न घालता विचारता यावे. कल्पना नवी नव्हती. केंद्र सरकारचे किसान कॉल सेंटर जानेवारी २००४ पासून, आणि आता १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर, हेच काम करत आले आहे, आणि मोठ्या बियाणे कंपन्यांनीही आपापले क्रमांक घेतलेले आहेत.

मृगाचा पाऊस पडला, पेरण्या सुरू झाल्या आणि जून महिन्याचे बिल आले. कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेच्या अहवालात शेतकऱ्यांशी झालेल्या बोलण्याची जितकी मिनिटे नोंदली होती, त्याच्या तिपटीहून अधिक मिनिटांची आकारणी बिलात होती. संचालकांनी बिल रोखून धरले. सेवा देणाऱ्या कंपनीने ऐन पेरणीच्या दिवसांत सात दिवसांत सेवा खंडित करण्याची नोटीस पाठवली. दोन्ही बाजूंच्या पत्रव्यवहारात ‘फसवणूक’ हा शब्द एव्हाना दोनदा येऊन गेला होता, तेव्हा मला बोलावण्यात आले.

मी दूरसंचार बिलांच्या पडताळणीचे काम करतो आणि बहुतेक प्रकरणांत प्रथम आकडे तपासतो. या प्रकरणात मात्र तीन पानांचा करार वाचूनच माझे मत बनले की वाद आकड्यांचा कमी आणि शब्दांचा अधिक आहे. करारात ‘पल्स’, ‘आन्सर्ड कॉल’, ‘सर्कल’, ‘चॅनल’ आणि ‘लेग’ हे पाच शब्द होते. त्यांपैकी एकाचाही अर्थ करारात दिलेला नव्हता, आणि सही करणाऱ्यांनी प्रत्येकाला आपापल्या अनुभवातला अर्थ चिकटवलेला होता.

पल्स : एकाच शब्दाची दोन आयुष्ये

कंपनीचे लेखाप्रमुख साठीच्या घरातले आहेत आणि सगळे कर्मचारी त्यांना काका म्हणतात. नोकरीपूर्वी अनेक वर्षे त्यांनी अंबड चौफुलीजवळ एसटीडी बूथ चालवला होता. त्यामुळे ‘पल्स’ हा शब्द पाहून त्यांना तो नवा वाटला नाही, आणि गैरसमजाचे मूळ नेमके तिथेच होते.

त्यांच्या बूथच्या काळात पल्सची किंमत ठरलेली असे आणि तिचा कालावधी बदलत असे. स्थानिक कॉलमध्ये एक पल्स मिनिटांच्या हिशेबाने चाले. तोच कॉल पुण्याला गेला की पल्स लवकर पडू लागे, आणि दिल्ली-कोलकात्याला गेला की काही सेकंदांनाच एक पडे. अंतराचे टप्पे ठरलेले असत आणि रात्री उशिरा सवलतीचे दर लागत, त्यामुळे जेवणानंतर बूथवर रांग लागायची. मीटरवरचा तांबडा आकडा ज्या वेगाने पुढे सरके, त्यावरून पलीकडचे गाव किती लांब आहे हे काकांना रुपयाआधी कळत असे. ‘एसटीडी’ ही अक्षरे ज्या सेवेची आहेत, ती ग्राहकाने ऑपरेटरविना परगावचा क्रमांक स्वतः फिरवण्याची सेवा भारतात १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये सुरू झाली, आणि पल्स मोजून दर ठरवण्याची ही पद्धत तिच्याबरोबर देशभर पसरली.

आजच्या करारातली पल्स याच्या बरोबर उलट आहे. तिचा कालावधी ठरलेला असतो आणि किंमत कराराप्रमाणे बदलते. अंतराशी तिचा संबंध उरलेला नाही. सरकारी कंपन्यांनी १ मार्च २००६ पासून देशात कुठेही मिनिटाला एक रुपया असा दर लागू केला, तेव्हाच ग्राहकापुरते अंतर संपले होते. करारात ‘पल्स ६० सेकंद’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ इतकाच की आकारणीचे सर्वांत लहान माप ६० सेकंदांचे आहे आणि त्याचा तुकडा पडत नाही. साखरेचे दुकान फक्त किलोच्या पुड्या विकत असेल, तर सव्वा किलो घेणाऱ्याला दोन पुड्यांचे पैसे द्यावे लागतात, तसाच हा प्रकार आहे. काकांनी मात्र ‘मिनिटाचा दर अमुक’ असे वाचले, आणि महिनाभराच्या एकूण मिनिटांना तो दर लावून अंदाजपत्रक मांडले.

हे त्यांना समजावून सांगताना मी कॉलची सविस्तर नोंद, म्हणजे ज्याला धंद्यात सगळे सीडीआर म्हणतात, ती उघडली आणि एका सकाळच्या लागोपाठच्या चार ओळी कागदावर उतरवल्या. पहिला कॉल १९ सेकंदांचा, दुसरा ६१ सेकंदांचा, तिसरा २३२ सेकंदांचा आणि चौथा ३०५ सेकंदांचा होता. बेरीज ६१७ सेकंद, म्हणजे १० मिनिटे १७ सेकंद. बिलात या चार कॉलचे अनुक्रमे १, २, ४ आणि ६ मिळून १३ पल्स लागले होते. केवळ वरचे तुकडे पूर्ण मिनिटात धरल्यामुळे पावणेतीन मिनिटे वाढली होती. ६१ सेकंदांच्या कॉलमधल्या त्या एका सेकंदाला पूर्ण मिनिटाची किंमत पडली होती. काकांनी कागद जवळ ओढला, आकडे स्वतः पुन्हा मांडले आणि विचारले, ‘‘हे ठीक आहे, पण आपल्या अहवालात या चार कॉलचे मिळून सव्वातीन मिनिटेसुद्धा नाहीत. मग दहा मिनिटे तरी कुठून आली?’’ खरा प्रश्न तोच होता.

‘उत्तर मिळाले’ म्हणजे कोणाला मिळाले

टेलिफोनच्या धंद्यात आकारणी कधी सुरू होते, याचे एकच ठाम उत्तर आहे. पलीकडचे टोक उत्तर देते त्या क्षणी. त्या क्षणी पलीकडच्या एक्सचेंजकडून अलीकडे एक संकेत येतो. त्याला आन्सर सुपरव्हिजन म्हणतात. तो आला की घड्याळ सुरू होते आणि कॉल सुटल्याचा संकेत आला की थांबते. काकांच्या बूथवरचे मीटरही अशाच संकेतावर चालू होई. काही बूथवर तारेवरच्या विजेची दिशा उलटली की मीटर समजत असे की समोर फोन उचलला गेला. घंटी वाजत असेपर्यंत पैसे नाहीत, हा नियम खेड्यापाड्यांतल्या माणसाला कुणी शिकवलेला नाही, तरी तो पूर्ण माहीत आहे. मिस्ड कॉल देण्याची आपली सगळी रीत त्याच्यावरच उभी आहे.

प्रश्न असा आहे की उत्तर दिले हे ठरवते कोण? घरच्या फोनवर माणूस उचलतो आणि बोलतो, त्यामुळे उत्तर देणे आणि बोलणे एकाच क्षणी घडते. हेल्पलाइनवर या दोन गोष्टी वेगळ्या होतात. कॉल येताच प्रथम आयव्हीआर, म्हणजे ध्वनिमुद्रित स्वागत आणि ‘कपाशीसाठी एक दाबा’ सांगणारी यंत्रणा, उत्तर देते. नेटवर्कच्या दृष्टीने कॉल लागला आणि घड्याळ सुरू झाले. त्यानंतर शेतकरी स्वागत ऐकतो, बटण दाबतो, रांगेत संगीत ऐकत थांबतो आणि मग कृषी सल्लागार बोलतो. कंपनीच्या अहवालात नोंद होते ती फक्त शेवटच्या टप्प्याची.

त्या चार कॉलचे विच्छेदन केले, तेव्हा चित्र असे निघाले. स्वागत आणि पर्याय सांगण्यातच ४१ सेकंद जात होते. १९ सेकंदांचा पहिला कॉल स्वागत संपण्याआधीच शेतकऱ्याने तोडला होता. दुसऱ्याने स्वागत ऐकले, २० सेकंद वाट पाहिली आणि ठेवून दिला. तिसरा तब्बल ३ मिनिटे ५२ सेकंद लाइनवर होता आणि त्याच्याशी कुणीही बोलले नव्हते. चौथ्याच्या ३०५ सेकंदांतले ४१ स्वागताचे, ७४ प्रतीक्षेचे आणि उरलेले १९० सेकंद खऱ्या बोलण्याचे होते. कंपनीच्या अहवालात या चौघांपैकी एकट्या चौथ्याची ३ मिनिटे १० सेकंद नोंदलेली होती आणि पहिले तिघे तिथे नव्हतेच. बिलात चौघांची मिळून १३ मिनिटे होती. दोन्ही नोंदी आपापल्या व्याख्येप्रमाणे अचूक होत्या.

तिसऱ्या कॉलचे ध्वनिमुद्रण मी मुद्दाम ऐकले, कारण यंत्रणा कॉल लागल्यापासूनच मुद्रण करत होती. सुरुवातीला स्वागत, मग तेच ते संगीत, मागे कुठेतरी बैलगाडीच्या की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या साखळीचा आवाज. मधेच शेजारच्या कुणीतरी काही विचारले असावे, कारण शेतकरी फोन तोंडापासून थोडा दूर धरून म्हणाला, ‘‘लागलाय, पण कुणी बोलंना.’’ पुढे दीडेक मिनिट संगीत आणि मग कॉल बंद. त्या खोलीत आम्ही चौघे होतो. कंपनीचे संचालक, काका, सेवापुरवठादाराचा प्रतिनिधी आणि मी. त्या वाक्यानंतर फसवणुकीचा शब्द पुन्हा कोणी काढला नाही. तीन आठवडे पत्रांतून ज्या व्याख्येवर भांडण चालले होते, ती त्या शेतकऱ्याने चार शब्दांत नेमकी सांगितली होती. कॉल लागणे ही एक घटना आहे, बोलणे ही दुसरी, आणि पैसे पहिल्या घटनेचे लागतात.

मला इथे ऑपरेटरकडे नोंदवून लावायच्या जुन्या ट्रंक कॉलची आठवण होते, आणि ती केवळ स्मरणरंजन म्हणून नाही. त्या काळी ‘पीपी कॉल’ नावाचा प्रकार होता. विशिष्ट माणसाचे नाव सांगून कॉल नोंदवायचा. ऑपरेटर पलीकडे त्या माणसाला बोलावून घेई आणि तो फोनवर आल्यावरच बोलण्याचा वेळ मोजला जाई. माणूस भेटला नाही तर फक्त बोलावण्याचे शुल्क लागे. लग्नपत्रिकांवर आणि व्यापाऱ्यांच्या कार्डांवर शेजाऱ्याचा क्रमांक ‘पी.पी.’ लिहून छापण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली. म्हणजे ‘तार जोडली गेली’ आणि ‘माणूस भेटला’ यांतला भेद त्या व्यवस्थेला मान्य होता, कारण मध्ये एक माणूस बसलेला होता. स्वयंचलित व्यवस्थेत तो माणूस गेला आणि त्याच्याबरोबर तो भेदही गेला. हेल्पलाइन चालवणाऱ्याने तो स्वतःच्या कामात परत आणावा लागतो, असे माझे ठाम मत आहे.

‘उत्तर’ या शब्दाने आणखी एक घोटाळा केला होता. सेवापुरवठादार दर महिन्याला एक तांत्रिक अहवाल देई आणि त्यात एएसआर नावाचे गुणोत्तर शंभराच्या जवळपास असे. जोडणीसाठी लाइन मिळालेल्या कॉलपैकी किती कॉलना उत्तर मिळाले, याचे हे प्रमाण. लांब पल्ल्याच्या कॉलचा घाऊक व्यवहार करणारे लोक एखादा मार्ग चांगला की वाईट हे त्यावरून ठरवतात, आणि त्या कामासाठी ते उत्तम माप आहे. संचालकांनी मात्र ते ‘शंभरातल्या अठ्ठ्याण्णव शेतकऱ्यांना उत्तर मिळाले’ असे वाचले आणि वार्षिक सभेच्या टिपणात तसे लिहिलेही. जिथे यंत्र पहिल्याच घंटीला उत्तर देते, तिथे हे गुणोत्तर उंचच राहणार. शेतकऱ्याला सल्ला मिळाला की नाही, याबद्दल ते काहीही सांगत नाही.

सर्कल आणि लेग

‘सर्कल’ या शब्दाचा गोंधळ निव्वळ आपल्या भागातला आहे. मराठवाड्यात सर्कल म्हणजे महसूल मंडळ. पाऊस मंडळनिहाय मोजतात, पीकविमा मंडळनिहाय ठरतो आणि जिल्हा परिषदेच्या गटालाही लोक सर्कलच म्हणतात. बियाणे कंपनीच्या माणसांच्या तोंडी हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. करारात ‘सर्कलबाहेरील कॉलना वेगळा दर’ असे वाचल्यावर त्यांनी परभणी, नांदेड आणि धाराशिव ही सगळी बाहेरची धरली आणि बिलात त्यांना वेगळा दर का दिसत नाही याचेच आश्चर्य केले. दूरसंचारातले सर्कल म्हणजे परवान्याचे क्षेत्र असते, आणि देशात अशी २२ क्षेत्रे आहेत. मुंबईचे क्षेत्र वेगळे आहे. ते सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सर्कल होते. आदिलाबादचा शेतकरी मात्र आंध्र प्रदेश सर्कलमध्ये येतो, कारण राज्य २०१४ साली विभागले गेले तरी परवान्याचे क्षेत्र तेच राहिले. त्या भागातले कॉल थोडे होते आणि त्यांची आकारणी बरोबर होती.

सर्कलच्या आत आणखी लहान भाग असतात. लांब पल्ल्याच्या आकारणीची ३२२ क्षेत्रे आणि त्यांच्या पोटात लघु पल्ल्याची २,६०० हून अधिक क्षेत्रे अशी देशाची विभागणी आहे. जालन्याचा ०२४८२, अंबडचा ०२४८३, परतूरचा ०२४८४ हे कोड त्या विभागणीतूनच आलेले आहेत. १८०० चा क्रमांक यांपैकी कुठेच राहत नाही. तो केवळ एक नाव आहे. शेतकरी तो फिरवतो, नेटवर्कमधली यंत्रणा त्या नावाचे जालन्याच्या खऱ्या क्रमांकात भाषांतर करते आणि कॉल तिकडे वळवते. हे समजल्यावर संचालकांनी विचारले की टोल-फ्री सोडून १८६० चा क्रमांक घ्यावा काय. त्या मालिकेत कॉल करणाऱ्यालाही आपल्या वाट्याचे शुल्क द्यावे लागते. पाकिटावर ‘निःशुल्क’ छापून झाले होते आणि शेतकऱ्याला दिलेला शब्द मागे घेणे योग्य नव्हते, म्हणून तो विषय तिथेच संपला.

‘लेग’चा, म्हणजे जोडणीच्या एकेका टप्प्याचा, हिशेब सरळ आहे. संध्याकाळी सहानंतर कार्यालय बंद झाले की कॉल सल्लागारांच्या मोबाइलवर वळवले जात होते. वळवलेला कॉल ही दोन टप्प्यांची जोडणी असते. शेतकऱ्याकडून जालन्यापर्यंतचा टोल-फ्री टप्पा आणि जालन्याहून सल्लागाराच्या मोबाइलपर्यंतचा जावक टप्पा, हे दोन्ही टप्पे कंपनीच्याच खात्यावर मोजले जातात. संध्याकाळच्या कॉलचे वजन बिलात का वाढले, ते एवढ्यावरून स्पष्ट झाले.

चॅनल वाढवावेत की वेळ कमी करावा

तक्रारीचा दुसरा भाग ‘क्रमांक सतत व्यस्त लागतो’ असा होता, आणि त्यावर सेवापुरवठादाराने ८ ऐवजी १२ चॅनल घेण्याचा प्रस्ताव ठेवला होता. एका वेळी जितके कॉल आत येऊ शकतात तितके चॅनल. नववा शेतकरी व्यस्त असल्याचा आवाज ऐकतो. त्याचा कॉल बिलात येत नाही, एएसआरमध्ये येत नाही आणि कंपनीच्या अहवालातही येत नाही. तो फक्त त्या शेतकऱ्याला माहीत असतो.

किती चॅनल लागतील हे ठरवण्याचे गणित डेन्मार्कच्या कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बसवले, आणि वाहतुकीच्या मापाला आजही त्याचेच नाव आहे. एक चॅनल तासभर अखंड गुंतलेला असेल तर तो एक एर्लांग. गर्दीच्या तासात, म्हणजे सकाळी दहा ते अकरा, साधारण ९० कॉल येत होते आणि प्रत्येक कॉल सरासरी ४ मिनिटे चॅनल धरून ठेवत होता. ९० गुणिले ४ म्हणजे ३६० मिनिटे, ती ६० ने भागली की ६ एर्लांग. एर्लांगच्या सूत्राप्रमाणे ८ चॅनलवर एवढा भार आला, तर शंभरातले सुमारे १२ कॉल परत जातात. १२ चॅनल घेतले तर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास येते. सेवापुरवठादाराचा प्रस्ताव गणिताने चुकीचा नव्हता.

पण त्या ४ मिनिटांत बोलणे किती होते? निम्म्याहून अधिक वेळ स्वागत आणि प्रतीक्षा यांतच जात होता. म्हणजे चॅनल शेतकऱ्यांच्या प्रश्नांनी कमी आणि आमच्याच संगीताने अधिक भरलेले होते. मी सुचवले की सरासरी वेळ अडीच मिनिटांवर आणावी. मग भार पावणेचार एर्लांग होतो आणि त्याच ८ चॅनलवर परत जाणाऱ्या कॉलचे प्रमाण सव्वादोन टक्क्यांच्या जवळ येते. चॅनलचे भाडे वाढत नाही आणि पल्सही कमी पडतात. या हिशेबाची एक मर्यादा संचालकांना स्पष्ट सांगितली. हे सूत्र असे गृहीत धरते की व्यस्त लागलेला माणूस निघून जातो, पण कपाशी उगवली नाही म्हणून धास्तावलेला शेतकरी निघून जात नाही. तो लगेच पुन्हा फिरवतो. त्यामुळे प्रत्यक्षातली गर्दी सूत्राच्या उत्तरापेक्षा थोडी अधिकच असते, आणि म्हणून पेरणीच्या दोन महिन्यांपुरते २ चॅनल तात्पुरते वाढवून घेण्यास मी संमती दिली.

एक खरी चूक आणि तडजोड

बिल पूर्णपणे निर्दोषही नव्हते. मागच्या बिलाच्या चक्रातील शेवटच्या दिवसाचे कॉल या बिलातही आले होते. कॉल करणाऱ्याचा क्रमांक, सुरुवातीची सेकंदापर्यंतची वेळ आणि कालावधी या तिन्ही गोष्टी जुळणाऱ्या ओळी दोन्ही बिलांत शेजारी शेजारी मांडून दाखवल्यावर सेवापुरवठादाराने ते मान्य केले आणि क्रेडिट नोट दिली. रक्कम वादाच्या एकूण आकड्याच्या तुलनेत लहान होती. तरीही मी तिला महत्त्व दिले, कारण ही चूक सापडली नसती तर कंपनीचा विश्वास बसला नसता, आणि बाकीची आकारणी बरोबर आहे हे माझे म्हणणे तिने मानले नसते. सीडीआर मागून घेण्याचा आणि तो तपासण्याचा कंटाळा कुठल्याही ग्राहकाने करू नये.

उरलेली रक्कम कंपनीने भरली. नोटीस मागे घेण्यात आली. पुढच्या करारासाठी आम्ही चार गोष्टी मागितल्या. पल्स ६० ऐवजी ३० सेकंदांची करण्याचे मान्य झाले. त्याच चार कॉलना हे माप लावले तर २३ अर्ध्या मिनिटांच्या पल्स होतात, म्हणजे १३ ऐवजी साडेअकरा मिनिटे. सेकंदावर आकारणीची आमची मागणी मात्र फेटाळली गेली. सीडीआर दर आठवड्याला मिळावा हे मान्य झाले. स्वागताचा संदेश उत्तराचा संकेत जाण्याआधी वाजवता यावा, ही तिसरी मागणी होती. तांत्रिकदृष्ट्या ते शक्य असते, पण सेवापुरवठादाराने करारात ती मुभा देण्यास नकार दिला, आणि फुकट ऐकवण्याची सोय सरसकट दिली तर तिचा गैरवापर होतो हे त्याचे कारण मला पटले. चौथी मागणी सर्वांत साधी होती आणि तिच्यावर सर्वाधिक वेळ गेला. करारातील पाचही शब्दांच्या व्याख्या मराठीत लिहून परिशिष्ट म्हणून जोडाव्यात. ‘आन्सर्ड कॉल’च्या व्याख्येवर तीन मसुदे झाले. शेवटी जे वाक्य राहिले ते असे : ‘ग्राहकाच्या यंत्रणेने, मग ती स्वयंचलित असो वा मनुष्यचलित, उत्तराचा संकेत दिल्याच्या क्षणापासून कॉल लागला असे समजले जाईल. प्रत्यक्ष संभाषण झाले किंवा नाही याचा आकारणीशी संबंध राहणार नाही.’ वाक्य ग्राहकाच्या फायद्याचे नाही, तरी ते संचालकांना समजले आणि समजून त्यांनी सही केली, याचे मला समाधान आहे.

कंपनीने स्वतःच्या बाजूने केलेले बदल अधिक परिणामकारक ठरले. स्वागत ४१ सेकंदांवरून १४ सेकंदांवर आले. त्यातली कंपनीची ओळख आणि नव्या वाणांची जाहिरात गेली, फक्त पिकांचे पर्याय राहिले. सकाळच्या तासासाठी दोन सल्लागार वाढवले. संध्याकाळचे कॉल मोबाइलवर वळवणे बंद केले आणि त्याऐवजी एक साधा दहा अंकी क्रमांक मिस्ड कॉलसाठी दिला. तिथे यंत्रणा उत्तर न देताच कॉल तोडते, म्हणून कोणालाच पल्स लागत नाही. क्रमांक नोंदला जातो आणि सल्लागार सकाळी परत फोन करतो. कॉल दुसऱ्याच्या नेटवर्कवर पोहोचवण्यासाठी एका मोबाइल कंपनीने दुसरीला द्यायचे शुल्क १४ पैशांवरून ऑक्टोबर २०१७ मध्ये ६ पैसे झाले आणि जानेवारी २०२१ पासून शून्य झाले. जावक कॉलच्या ठोक योजना त्यामुळे टोल-फ्रीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. परत केलेल्या त्या फोनवर नव्या बियाण्याची जाहिरात करायची नाही, फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, अशी लेखी सूचना मी सल्लागारांना द्यायला लावली. व्यापारी संपर्काविषयीचे २०१८ चे नियम शेतकऱ्याच्या संमतीशिवाय जाहिरातीचा कॉल करू देत नाहीत, आणि नियम नसता तरी ते बरोबर झाले नसते.

दुसऱ्या हंगामात मी जालन्याला गेलो तेव्हा काकांच्या टेबलावर एक लांब बांधीव रजिस्टर होते. आठवड्याचा सीडीआर आणि यंत्रणेचा अहवाल समोरासमोर ठेवून ते सोमवारी सकाळी त्यात आकडे उतरवतात. पहिल्या रकान्यात आलेले कॉल, दुसऱ्यात झालेले बोलणे. तिसऱ्या रकान्याचे शीर्षक त्यांनी त्या ध्वनिमुद्रणातूनच घेतले आहे, ‘लागला पण बोलले नाही’, आणि त्या रकान्यातल्या प्रत्येक क्रमांकावर त्याच दिवशी दुपारपर्यंत परत फोन झाला की तिथे ते लाल शाईने एक टिंब देतात.